पानाखालचा प्रश्न

शिक्षिकेकडे वह्या साठतात तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की किस्से तपासून परत द्यावे लागत नाहीत. मला आमच्या शाळेत येऊन जेमतेम सात महिने झाले, पण एवढ्यात माझ्याजवळ इतके किस्से जमले आहेत की स्टाफरूममधल्या जुन्या बायकांनी मला ‘नवीन बाई’ म्हणणं आता सोडायला हरकत नाही. अर्थात हे मी त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही. मी तिथं फारशी बोलतच नाही. गप्प बसणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो, त्याला सगळं ऐकू येतं!

गेल्या वैशाखात लग्न होऊन मी अमरावतीहून इंदूरला, स्नेहलतागंजात आले. आषाढात जवळच्याच मुलींच्या शाळेत मराठीची जागा रिकामी झाली. मी ट्रेनिंग केलेली, म्हणून घरात विषय निघाला. हे एका कापडाच्या मिलच्या ऑफिसात कारकून. यांची हरकत नव्हती. सासूबाईंची अर्धी होती. त्या म्हणाल्या, दिवाळीपर्यंत करून तर बघ, पण दिवेलागणीला वह्या मिटलेल्या पाहिजेत. घरात दिवा लागला आणि सून वहीत डोकं घालून बसली आहे, हे त्यांना चालणार नव्हतं.

शाळेत मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, त्यांची अट घातली. प्रत्येक मुलीचा दर आठवड्याला एक निबंध, आणि प्रत्येक ओळीवर लाल शाई फिरलेली दिसली पाहिजे. कायम करायचं की नाही, ते दिवाळीपर्यंत बघू, असं त्याही म्हणाल्या. सासूबाई आणि मोठ्या बाई एकमेकींना कधी भेटल्याही नव्हत्या. तरी माझी दिवाळी दोघींनी मिळून ठरवून टाकली.

मला ही नोकरी हवी होती. किती हवी होती, ते मी यांनाही नीट सांगितलं नव्हतं.

•

पहिल्या शनिवारी सहावी, सातवी आणि आठवी मिळून सव्वाशे वह्या जमल्या. हे सायकल घेऊन फाटकाशी आले. जुन्या लुगड्यात वह्यांचं गाठोडं बांधलं, कॅरियरवर आवळलं, आणि आम्ही दोघं सायकल ढकलत घरी निघालो. नव्या नवरीबरोबर एवढं गाठोडं बघून गल्लीतल्या गुप्ताइन भाभी दारात आल्या.

“क्यों भिया, मिल का माल लाए क्या?” त्यांनी यांना विचारलं.

हे म्हणाले, नाही, हिच्या शाळेचं आहे. भाभींचा विश्वास बसला नाही. त्यांनी गाठोडं बाहेरूनच चाचपून पाहिलं आणि मला म्हणाल्या, “इतना सारा? सब एक ही डिज़ाइन का है?”

मी तेव्हा खूप हसले. घरी येऊन गाठोडं सोडलं आणि हसू थांबलं. विषय होता ‘आमची गाय’. सव्वाशे गाई, सगळ्यांना चार पाय, दोन शिंगं, एक शेपटी. सगळ्या गरीब स्वभावाच्या. सगळ्यांच्या दुधापासून दही, ताक, लोणी आणि तूप, याच क्रमानं. भाभींनी न उघडताच बरोब्बर ओळखलं होतं.

•

आठवीत कुसुम नावाची मुलगी आहे. मल्हारगंजातून येते, वेण्या घट्ट, नजर खाली. ती कुठल्याही विषयावर पाचच ओळी लिहायची. ‘आमची गाय’ पाच ओळी, ‘वसंत ऋतू’ पाच ओळी, ‘माझा आवडता सण’, तोही पाचच ओळींत उरकला. मी तिला मधल्या सुट्टीत जवळ बोलावलं आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, की तुला जास्त लिहावंसं वाटत नाही का?

ती म्हणाली, “बाई, लिहिलं की लाल होतं. पाच ओळी लिहिल्या तर पाचच लाल होतात.”

मी तिच्या वहीची मागची पानं उलटून पाहिली. माझ्या आधीच्या बाईंनी ओळीवर ओळ रंगवली होती. आणि त्यानंतर मी. दोघींच्या शाईत काही फरक नव्हता.

•

श्रावणात एकदा दिवेलागण झाली आणि माझ्या तीस वह्या उरल्या होत्या. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला, हात जोडले, आणि माझ्याकडे न बघता सुरुवात केली. आमच्या सासूबाईंचा जन्मच इंदूरचा, त्यामुळे त्या रागावल्या की मराठी अर्धी आणि हिंदी अर्धी येते.

“एक तर तूच लिहायला लावते. मग तूच वाचत बसते. मतलब, त्या खेळतात आणि तू मरते.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “उन्हाळ्यात आपल्याकडे पापड लाटायला बारा जणी आल्या होत्या. मी काय प्रत्येकीचा पापड मोजमाप करून बघत होते? लाटणाऱ्याच एकमेकींना सांगतात, तुझा जाड आहे, तुझा फाटला. मी तर दुसऱ्या दिवशी एक तळून बघते, बस. पाचशे पापड झाले. आणि तुझ्या या हिशोबानं मी चालले असते तर पंधरा झाले असते.”

त्यांना मला टोमणा मारायचा होता. मी वही मिटली. सासूबाईंना वाटलं, आपला टोमणा लागला. तो लागलाच होता, पण त्यांना वाटत होतं त्या ठिकाणी नाही.

सोमवारी मी शाळेत नवी पद्धत सुरू केली. रोज तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं प्रत्येकीनं कच्च्या वहीत काहीही लिहायचं. मग वही शेजारणीला द्यायची. शेजारणीनं चूक काढायची नाही. वाचून जे जाणून घ्यावंसं वाटेल तो एक प्रश्न पानाखाली लिहायचा. लिहिणारीनं त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी लिहायचं, निदान पाच ओळी. आठवड्याच्या शेवटी प्रत्येकीनं आपलं सगळ्यांत आवडतं एक पान निवडून कोपरा दुमडायचा. मी फक्त दुमडलेलं पान वाचून तपासणार, आणि तेही दर आठवड्याला एकाच वर्गाचं. मुली सहापट लिहू लागल्या, आणि माझ्याकडे आधीच्या कामाचा तिसरा हिस्सा आला. दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात असायची. सासूबाईंना वाटलं, सून सुधारली.

•

पहिल्या दिवशी कुसुमनं लिहिलं, ‘गाय हा उपयुक्त प्राणी आहे.’ आणि टाक खाली ठेवला. शेजारी शांता बसते. तिनं पानाखाली एकच शब्द लिहिला, ‘कोणाला?’

कुसुम वही घेऊन माझ्याकडे आली. हा काय प्रश्न झाला का बाई, म्हणाली. मी म्हटलं, प्रश्न तो प्रश्न. उत्तर निदान पाच ओळींचं.

दुसऱ्या दिवशी तिनं दीड पान लिहिलं. गाय आधी त्यांची होती. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा वाटणीत काकांकडे गेली. पण संध्याकाळी चरून आली की काकांच्या दारावरून पुढं येऊन ती कुसुमच्याच दारात उभी राहते. आई तिला काही घालत नाही आणि हाकलतही नाही. काकू आतून हाक मारते, पण स्वतः येत नाही. मग कुसुम गाईला काकांच्या दारी नेते. दोन्ही घरांत बोलणं नाही, म्हणून एकदा कुसुमनं काकूच्या अंगणात उभं राहून गाईलाच मोठ्यानं सांगितलं, की उद्या आजीचं श्राद्ध आहे, आणि स्वयंपाकाला एक माणूस कमी पडतंय.

शेवटची ओळ होती, ‘दुसऱ्या दिवशी काकू आली. म्हणून गाय उपयुक्त आहे.’

त्या आठवड्यात मी लाल शाईची दौत उघडलीच नाही.

•

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी हिंदीच्या दुबे बहनजी बसतात. मनानं मोकळ्या आणि आवाजानं त्याहून. त्यांच्याकडेही वह्यांचा ढीग. माझं बघून त्या म्हणाल्या, हे तर फारच छान आहे, मीही करते. प्रश्नांची वगैरे भानगड त्यांनी ठेवली नाही. सरळ सांगितलं, एक-दूसरे की कॉपी जाँचो, दस में से नंबर दो, और मेरे पास कोई झगड़ा नहीं आना चाहिए.

बहनजी निवांत पंख्याखाली बसल्या. वीस मिनिटांत सगळ्या वह्या टेबलावर. सगळ्यांना दहापैकी दहा. ज्या मुलीची वही कोरी होती, तिलाही दहा.

बहनजींनी मॉनिटरला उभं केलं आणि जाब विचारला. मॉनिटर शांतपणे म्हणाली, “बहनजी, आपने ही कहा था, झगड़ा नहीं होना चाहिए.”

बहनजींनी त्या दिवशी पुन्हा लाल पेन्सिल उचलली. पण वर्गात जाताना मला म्हणाल्या, की जिनं कोरी वही दिली, तिच्या शेजारणीला तू काय विचारायला सांगितलं असतंस? मी म्हटलं, कोऱ्या पानाखालीसुद्धा प्रश्न लिहिता येतो. त्या दारातच थांबल्या. मग म्हणाल्या, “तुम बोलती कम हो, पर बोलती हो तो आदमी का पीरियड ख़राब कर देती हो.”

•

आमच्याकडे सातवीत विमल आहे. तिचे आजोबा जुन्या होळकरी फौजेतले. रियासत मध्यभारतात विलीन होऊन काही वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना अजून सुभेदारसाहेबच म्हणतात. एक दिवस ते हातात विमलची वही घेऊन शाळेत आले. पाठ ताठ, मिशा त्याहून ताठ. व्हरांड्यात मला गाठून म्हणाले, की चाळीस पानं पाहिली, दोन सोडून एकावरही लाल खूण नाही. बाईंनी वही तपासली नाही, तर पोरीला चूक कळणार कशी?

मी हळूच म्हटलं, आपण वाचून पाहिलीत का? ते म्हणाले, वाचायचं काय त्यात, मी खुणा बघितल्या. मग मीच एक पान काढून दिलं.

विमलनं लिहिलं होतं, की आमचे आजोबा दसऱ्याला पेटीतून कोट काढतात. बटणं चिंचेनं घासतात. कोट घालून आरशापुढे उभे राहतात. आता दरबार भरत नाही, म्हणून आम्हा भावंडांनाच ओळीनं उभं करतात आणि आमचा मुजरा घेतात. मुजरा झाला की एकेक पेढा देतात आणि कोट परत पेटीत ठेवताना कोणाशी बोलत नाहीत. पानाखाली शेजारणीचा प्रश्न होता, ‘बटणं किती आहेत?’ आणि विमलच्या पाच ओळींच्या उत्तराची सुरुवात होती, ‘सात.’

सुभेदारसाहेबांनी पान वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडे पेन्सिल मागितली. ‘सात’ खोडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘नऊ. पैकी दोन डाव्या खिशावर.’ खाली हुद्द्यासकट सही केली.

वही माझ्या हातात देत म्हणाले, “बघा बाई, तुम्ही तपासायला पाहिजे होतं. केवढी मोठी चूक राहून गेली होती!”

•

सगळेच किस्से हसण्यासारखे नाहीत. हा मी सांगणार नव्हते, पण गाळला तर बाकीचे खोटे होतील.

आठवीतल्या सुशीलानं एका सकाळी लिहिलं, की ताईला बघायला देवासहून मंडळी आली होती. ही तिसरी. पोहे खाल्ले, शिरा खाल्ला, ताईला चालून दाखवायला सांगितलं, आणि कळवतो म्हणून गेली. पत्र आलं नाही. आता ताई खिडकीत बसत नाही. शेजारणीनं पानाखाली प्रेमानंच विचारलं होतं, ‘ताई दिवसभर काय करते?’ पण शेजारणीला घर होतं, घरी आई होती. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट सुशीलाच्या गल्लीत सुशीलाच्या आधी पोचली.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. मी रागाची तयारी करून ठेवली होती. त्या रागावल्या नाहीत. ते पान बघू का, एवढंच म्हणाल्या. मी वही दिली. त्यांनी पान जपून फाडलं, चार घड्या घातल्या आणि पदरात बांधलं.

“तुम्ही एकट्यांनी वाचलं असतंत, तर चाललं असतं बाई.”

मी ते वाचलंच नव्हतं. त्या आठवड्यात आठवीची पाळी नव्हती.

त्या दिवशी मी वर्गात आणखी एक नियम केला. वही उघडी ठेवली तर ती कोणीही वाचावी आणि प्रश्न विचारावा. मिटून ठेवली तर ती फक्त बाईंची. मिटलेली वही मी त्याच दिवशी वाचणार, पाळी असो नसो. माझं काम थोडं वाढलं. ते वाढायलाच हवं होतं.

ही गोष्ट मोठ्या बाईंच्या कानावर गेली आणि त्यांनी मला खोलीत बोलावलं. त्या आरडाओरडा करत नाहीत, चष्मा काढतात. चष्मा काढून म्हणाल्या, “थंडी पडली की सरकारची सगळी ऑफिसं ग्वाल्हेरच्या हिवाळी राजधानीत जातात. त्याआधी इन्स्पेक्ट्रेस बाई इंदूरच्या शाळा उरकणार. दिवाळीच्या आधी आपल्याकडे येतील. त्यांना तुमच्या वह्या दाखवा. त्यांना चाललं, तर मी तुम्हाला कायम करते. नाही चाललं, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर यायची तसदी घेऊ नका.”

मी बरं म्हटलं. घरी येऊन यांना सांगितलं. हे बूट काढत होते. एक बूट हातात धरूनच म्हणाले, की मग पूर्वीसारख्या लाल करून टाक ना आठ दिवसांत, मीही मदत करतो, माझं अक्षर बरं आहे. मी कुसुमचं गाईचं पान काढून यांच्यापुढे ठेवलं. यांनी उभ्यानं वाचलं. मग दुसरा बूट काढला आणि म्हणाले, नको, राहू दे.

•

आता सासूबाईंचं. मिटून दिलेल्या वह्या मी घरी ट्रंकेत ठेवायची आणि उघड्या दिलेल्या कोनाड्यात. एकदा आठवीतल्या एका मुलीनं तिच्या मावशीच्या हातच्या भुट्ट्याच्या किसाबद्दल लिहिलं होतं. मावशी दूध कधी घालते, मिरची किती, सगळं होतं. त्या पानाखाली शेजारणीचा प्रश्न होता, आणि त्याच्याही खाली, मोठ्या, थरथरत्या, एकमेकांपासून लांब बसलेल्या अक्षरांत आणखी एक प्रश्न होता.

‘हिंग केव्हा घातला?’

मुलीनं तो माझाच समजून इमानदारीनं पाच ओळींचं उत्तर लिहिलं. मी कोणाला काही बोलले नाही. त्या आठवड्यात घरी भुट्ट्याचा कीस झाला, आणि हिंग फोडणीच्या आधी पडला. हे म्हणाले, आज काही वेगळं लागतंय. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या तोंडाला चव आली असेल.

सासूबाई दुपारी पोथी वाचतात तशाच, बोट ठेवून, अक्षर लावून, कोनाड्यातल्या वह्या वाचत होत्या. किती दिवसांपासून, ते मला अजून माहीत नाही. मात्र एका संध्याकाळी शाळेत उशीर झाला म्हणून मी वह्या तिथंच ठेवून रिकाम्या हातानं घरी आले. दिवा लागलेला होता. सासूबाईंनी माझ्या हातांकडे बघितलं, मागं दाराकडे बघितलं.

“आज वह्या नाही आणल्या?” आणि मग, जणू काही माझ्याशी बोलतच नाहीत अशा आवाजात, “त्या विमलचा आजोबा काल दसऱ्याला कोट घालणार होता.”

•

दिवाळीला आठ दिवस असताना इन्स्पेक्ट्रेस बाई आल्या. पांढरं पातळ, पायात काळे बूट, हातात शिसपेन्सिल नाही, टाक. सहावी-सातवीकडे नुसती नजर टाकली आणि आठवीत येऊन माझ्या टेबलाशी बसल्या. वरची वही उचलली. ती नेमकी कुसुमची निघाली. पानं उलटत गेल्या. साठ पानं भरलेली, आणि चारांवर लाल शाई.

“बाकीची पानं कोणी तपासली?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. “वाचली मात्र आहेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आणखी पाचसहा वह्या चाळल्या. मग शेरेबुक पुढं ओढलं, आणि दौतीत टाक बुडवून शेरा लिहिला. मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी वाचला असावा, कारण त्यांनी चष्मा काढला. शाई ओली होती, टीपकागद सापडला नाही, म्हणून शेरेबुक तसंच टेबलावर ठेवून आम्ही तिघी मोठ्या बाईंच्या खोलीत चहाला गेलो. चहा कसा होता ते मला आठवत नाही. इन्स्पेक्ट्रेस बाईंनी ग्वाल्हेरच्या थंडीबद्दल काही सांगितलं, आणि मी दोनदा हो म्हटलं.

परत आलो. वर्ग इतका शांत, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. इन्स्पेक्ट्रेस बाईंनी शेरेबुक मिटायला हात घातला आणि तसाच ठेवला. मी बाजूनं वाचलं. शेरा असा होता: ‘इयत्ता आठवीत लिखाण विपुल आहे. तपासणी मात्र नियमाप्रमाणे नाही. संबंधित शिक्षिकेबाबत योग्य तो निर्णय घेण्यात यावा.’

खाली सही. आणि सहीच्या खाली, पेन्सिलीनं, घट्ट, लहान अक्षरांत:

‘योग्य निर्णय म्हणजे कोणता? बाई राहणार की जाणार?’

मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी एकीला खोडरबर आणायला सांगितलं आणि वर्गाला विचारलं, हे कोणी केलं?

कुसुम उभी राहिली. नजर खाली होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

“मी. वही उघडी होती.”

मोठ्या बाई काही बोलणार, तेवढ्यात शांताही उभी राहिली. पाहुण्यांना आपल्या वर्गाची रीत माहीत नसेल, तर सांगायला हवी, अशा समजुतीच्या सुरात म्हणाली, “उत्तर निदान पाच ओळींचं लागतं.”

इन्स्पेक्ट्रेस बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होते. मग खुर्चीचा आवाज झाला. त्या बसल्या होत्या. त्यांनी दौत जवळ ओढली आणि लिहायला लागल्या. पंचेचाळीस मुली टाकाची कुरकुर ऐकत होत्या. पाच ओळी झाल्या. त्या थांबल्या नाहीत. पान भरलं, त्यांनी पान उलटलं. मध्येच त्यांनी कुसुमची वही पुन्हा उघडली, काहीतरी शोधलं, आणि परत लिहू लागल्या. तासाची घंटा झाली. कोणी उठलं नाही. खोडरबर घेऊन आलेली मुलगी दारातच उभी होती.

लिहून झाल्यावर मोठ्या बाईंनी शेरेबुकासाठी हात पुढं केला. इन्स्पेक्ट्रेस बाईंनी ते त्यांच्याकडे दिलं नाही. उठून कुसुमच्या बाकापाशी गेल्या आणि तिच्यापुढे उघडं ठेवलं.

कुसुमनं सगळं वाचलं. उभ्यानंच, ओठ हलवत, घाई न करता.

“समजलं?” इन्स्पेक्ट्रेस बाईंनी विचारलं.

“हो. बाई राहणार.”

वर्गात कोणीतरी श्वास सोडला. तो कदाचित माझाच असेल. कुसुम मात्र खाली बसली नाही. ती पुन्हा एकदा पानावर वाकली आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीशी तिचं बोट थांबलं.

“पण इथं एक प्रश्न आहे.”

इन्स्पेक्ट्रेस बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग शांताला थोडं सरकायला सांगितलं, स्वतः त्या बाकावर बसल्या, आणि टाक कुसुमच्या हातात दिला.

“लिही.”